हरकत नाही

२२ ऑक्टोबर २००९, गुरुवार

निवृत्त होऊन अकरा महिने झाले आणि आज पहिल्यांदा कोणाला तरी माझी गरज पडली. पुण्याच्या एका संस्थेची मुलगी इंदिरानगरचा पत्ता शोधत घरी आली. मोहिनी नाव. वय अठ्ठावीस-तीस, खांद्याला झोळी, दर वाक्याला 'अ‍ॅक्च्युअली'. दिल्लीत हवामान बदलाचं राष्ट्रीय धोरण ठरतंय, त्यावर जनतेचं म्हणणं घ्यायचंय, आणि नाशिक जिल्ह्यातल्या सभा या संस्थेकडे आल्यात. नोटीस, सभा, इतिवृत्त यातलं तिला ओ की ठो कळत नाही, म्हणून कोणीतरी माझं नाव सुचवलं. भूसंपादन शाखेत चौतीस वर्षं, अव्वल कारकून म्हणून निवृत्त, एकही मेमो नाही. योग्य सुचवलं.

तिने सभेचं पत्रक दाखवलं. 'या, बोलू या! आपलं हवामान, आपलं म्हणणं.' खाली घाम आलेल्या सूर्याचं चित्र. म्हटलं, बाई, हे काय हळदीकुंकवाचं बोलावणं आहे? अशाने काळं कुत्रं फिरकायचं नाही. दहा मिनिटांत मसुदा लिहून दिला: 'तमाम जनतेस या जाहीर नोटिशीद्वारे कळविण्यात येते की, राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखड्याच्या अनुषंगाने ज्या कोणास हरकती व सूचना नोंदवावयाच्या असतील त्यांनी खाली नमूद केलेल्या दिनांकास समक्ष हजर राहावे. मुदतीनंतर आलेल्या हरकतींचा विचार केला जाणार नाही.'

"काका, हे जरा भीतीदायक नाही का वाटत?" मोहिनी म्हणाली.

भीती वाटली म्हणजेच माणूस वाचतो. स्वयंपाकघरातून छाया म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही." तिला म्हटलं, चहा टाक. बायकोला सदतीस वर्षांत माझा एकही मसुदा वाचावासा वाटला नाही, पण म्हणी पाठ आहेत.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

काल दिंडोरीला पहिली सभा. माणसं नऊ, सगळे द्राक्षवाले. त्यातला मोतीराम नावाचा बागाईतदार उठून अंगावरच आला. "हवामान बदललंय हे तुम्ही आम्हाला सांगायला आले का? छाटणी झाल्यापासून एक दिवस फवारणी चुकली नाय. दिल्लीवाल्यांना म्हणा, आठ दिवस आमच्या बागेत राहा, मग धोरण काढा." आणखी बरंच बोलला, मुलीसमोर बोलू नये असंही. मी लिहून घेतलं: 'फवारणीबाबत योग्य मार्गदर्शन मिळावे.'

मोहिनी माझ्या वहीत डोकावून म्हणाली, "एवढंच?" थोडक्यात लिहिणं ही कला आहे, ती यांना शाळेत शिकवत नाहीत.

७ नोव्हेंबर, शनिवार

नामपूर. कांदा मार्केटच्या शेडमध्ये दीडशे माणूस. नोटिशीचा गुण बघा! मोहिनीच्या सूर्याला पंधरा आले असते. पण लोक आले ते दात ओठ खातच आले. अर्ध्याअधिकांच्या हातात सातबाराचे उतारे. मी धोरण समजावून सांगत होतो, मध्येच चतुराबाई म्हणून एक म्हातारी पुढे आली आणि उतारा माझ्या नाकापुढे नाचवायला लागली. "धोरण राहू दे तुमनं. मनी जमीन जाई का राही, तेवढं सांग."

सांगितलं, आजीबाई, जमिनीचा इथे काही संबंध नाही, हवेचा आहे.

"मंग हरकती कसाले मांगतस?"

यावर सगळी शेड ओरडायला लागली. कोणीतरी जीपच्या बोनेटवर कांदे फेकले. सडके होते, एवढं बरं.

परत येताना मोहिनीने विचारलं, लोक हवेच्या सभेला सातबारा का घेऊन येतात? म्हटलं, सवय असते. खेड्यातला माणूस सरकारी कामाला येताना काहीतरी कागद बरोबर आणतोच. तिने झोळीतून आमची नोटीस काढली आणि पुन्हा वाचायला लागली. शहरातल्या पोरांना खेडं कळत नाही.

११ नोव्हेंबर, बुधवार

फयान वादळाचा पाऊस, दिवसभर. नोव्हेंबरात छत्री काढावी लागली. गच्चीवर वाळत घातलेले पोहे भिजले म्हणून छाया माझ्यावर चिडली, जसं काही वादळ मी बोलावलं होतं.

मोहिनीचा फोन. पेठकडे नागली आणि भात कापून पडलाय, सगळा भिजला असेल, खैरपाड्याची शनिवारची सभा पुढे ढकलू या. म्हटलं, नोटिशीत तारीख एकदा छापली की छापली. तारीख बदलली तर लोकांचा प्रक्रियेवरचा विश्वास उडतो.

१४ नोव्हेंबर, शनिवार

अंग ठणकतंय, पण आजचं आजच लिहिलेलं बरं.

पेठच्या पुढे जीप चौदा किलोमीटर, शेवटचे दोन चिखलातून पायी. खैरपाडा म्हणजे डोंगराच्या कुशीतली चाळीस घरं. खळ्यात नागली पसरलेली, काळी पडलेली, भाताच्या पेंढ्यांना कोंब आलेले. कुबट वास सुटला होता. शाळेसमोर माणसं आधीच बसली होती. कोणी उठलं नाही, कोणी पाणी विचारलं नाही. एवढ्या वर्षांत आदिवासी पाड्यावर पाणी न विचारलेलं मला आठवत नाही.

मी नोटीस वाचली. वाचून होईपर्यंत कोणी खोकलंही नाही. मग बुधा उठला, पाड्यातला वडीलधारा, साठीचा.

"भाऊसाहेब, ह्यो कागद आमाला वळखू येतो," तो म्हणाला. "खाली धरण झालं तवा असाच आलता. हरकती नि सूचना. आमच्या बानं हरकत घेतली. जमीन गेली. मंग आमी हिथं वर डोंगराला आलो. आता हिथून कुठं जायाचं, आभाळात?"

ते धरण मला चांगलं आठवतं. १९७८. फाईल माझ्याच टेबलावर होती. नोटीस इतकी निर्दोष होती की हायकोर्टातही टिकली. हे मी अर्थात बोललो नाही, विषय तो नव्हता. मी सांगितलं की ही नोटीस वेगळी आहे, ही नुसती तुमचं मत विचारते.

मोहिनीने आराखड्यातले मुद्दे वाचले. सौर ऊर्जा, पाणी, आणि पडीक वनजमिनीवर वृक्षलागवड. तिसऱ्याला बुधाची भावजय भागीबाई ताडकन उभी राहिली. पन्नाशीची बाई, आवाज असा की शाळेचे पत्रे वाजावेत.

"पडीक कंची?"

मोहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जी वनखात्याच्या नावावर आहे आणि जिच्यावर दाट झाडी नाही ती.

"म्हंजे आमचीच की! हिथं समदी वनखात्याच्याच नावावर हाय. आमी नागली काढतो, वरई काढतो, तुमच्या कागदात ती पडीक. दीड वरस झालं वनहक्काचा दावा टाकून, अजून कोन मोजायला आला नाय. नि हे आले हवा इचारायला!" मग खळ्याकडे हात करून म्हणाली, "हवा कशी हाय ते तिथं बघा. हात घालून बघा. ही बिघडवली कोनी? आमी? आमच्यात एक फटफटी नाय."

त्यानंतर तास-दीड तास जे चाललं त्याला सभा म्हणता येणार नाही. एकाच वेळी वीस जण बोलत होते. बायका जास्त. भागीबाईचा मुलगा हिरामण आश्रमशाळेत शिकवतो, तो तेवढा शांत होता. तो म्हणाला, "आमचं म्हणणं एवढंच लिहा सर. झाडं आम्ही लावू, बांधाला लावू, नाल्याला लावू. पण शेतात खड्डे नकोत, आणि आधी दाव्याचा निकाल द्या." मी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

शेवटी हजेरी राहिली होती. हजेरीशिवाय सभा झाली हे सिद्ध कसं होणार? मी विचारलं, हजेरीसाठी अंगठे घेतले तर चालतील ना? आधी कोणी हलेना. बुधाने विचारलं, "आमचं समदं लिवलं ना?" म्हटलं, लिहिलं. तेव्हा तो म्हणाला, "मंग हजेरीला हरकत नाय." पहिला अंगठा त्याचा. एकूण त्रेसष्ट. भागीबाईने अंगठा उठवला आणि माझ्याच नोटिशीला पुसला.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

चारही सभांचं इतिवृत्त आज पाठवलं. चौथी इथेच इंदिरानगरच्या हॉलमध्ये झाली, तिथे फक्त कचऱ्याच्या गाडीची वेळ या विषयावर भांडणं झाली.

खैरपाड्याचं लिहायला दोन दिवस लागले. दिल्लीच्या नमुन्यात गावाला अर्धं पान, आणि शेवटी एकच ओळ: हरकत आहे / हरकत नाही. त्रेसष्ट माणसांचा आरडाओरडा अर्ध्या पानात कसा बसवायचा? शांतपणे नियमाने विचार केला. ओरडणं म्हणजे हरकत नव्हे. हरकत लेखी लागते, त्यावर गट नंबर लागतो, धारकाची सही लागते. यांची जमीन यांच्या नावावर नाही, म्हणजे गट नंबर नाही, म्हणजे नियमाने हरकत उपस्थितच होत नाही. शिवाय झाडं लावू असं हिरामण स्वतः म्हणाला. आणि त्यांच्या वडीलधाऱ्याने शेवटी सर्वांसमक्ष 'हरकत नाय' असे शब्द उच्चारले आहेत. ते मी माझ्या पदरचे घातलेले नाहीत.

तेव्हा लिहिलं: 'सविस्तर चर्चेअंती, झाडे लावण्याची तयारी ग्रामस्थांनी दर्शविली असून आराखड्यास त्यांची हरकत नाही. उपस्थितांचे अंगठे सोबत जोडले आहेत.' किती सुटसुटीत वाक्य आहे!

मोहिनीने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "काका, 'हरकत नाही' हे नेमकं कुठल्या प्रश्नाचं उत्तर होतं?"

म्हटलं, इतिवृत्तात उत्तरं लिहितात, प्रश्न नाही. आज मुदत आहे, तुला दुसरं लिहायचं असेल तर लिही. तिने घड्याळ बघितलं आणि पाकीट बंद केलं. मग नाकाने कांदे कशाला सोलायचे?

१२ डिसेंबर, शनिवार

पेपरात रोज कोपनहेगन. आणि आज माझ्या नावाने दिल्लीचं पत्र! राज्यातली सर्वात नेटकी इतिवृत्तं नाशिकची, असं लिहिलंय. खैरपाड्याचा खास उल्लेख, 'लोकसहभागाचा आदर्श नमुना'. आमचं इतिवृत्त स्थानिक वन कार्यालयाकडेही पाठवलंय म्हणे, कारण तिथे लागवडीची योजना तयारच होती, फक्त लोकांच्या संमतीचा कागद हवा होता.

छायाला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्या लोकांनी पाणीसुद्धा विचारलं नाही म्हणालात ना? मग संमती कशी दिली?" बायकांचं तर्कशास्त्र. पत्राला प्लास्टिकचं आवरण करून आणलं.

२८ डिसेंबर, सोमवार

सकाळी दहाला दार वाजलं. बुधा, भागीबाई, हिरामण. पहाटेच्या एसटीने आलेले. छायाने आत घेतलं, मला न विचारता.

हिरामणच्या हातात माझ्या इतिवृत्ताची झेरॉक्स होती. शेतांवर चुन्याच्या खुणा मारल्यात, शुक्रवारपासून खड्डे. हे अडवायला गेले तेव्हा वनखात्याच्या रेंजच्या साहेबांनी हा कागद पुढे केला, म्हणाले, तुमचेच अंगठे आहेत.

"वाचा," भागीबाई म्हणाली. "मोठ्यानं वाचा. तुमच्याच तोंडून ऐकायचं हाय."

वाचलं. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून मला कोणी वाचायला लावलंय हे चौतीस वर्षांत घडलं नव्हतं.

"हे कोन बोललं?"

"तुमचे बुधाच. हरकत नाही म्हणाले."

"हजेरीला म्हनला त्यो!" भागीबाई उभी राहिली. "हजेरीला! हजेरी कुठं गेली? तुमी खाल्ली?"

बुधा खाली बघून बसला होता. पाड्यातले लोक त्याच्याशी बोलत नाहीत, असं हिरामणने सांगितलं. पहिला अंगठा त्याचा, म्हणून त्यानेच विकलं म्हणतात. दुसऱ्या सख्ख्या भावाच्या मुलाच्या लग्नाच्या बैठकीला त्याला बोलावलं नाही.

हिरामण म्हणाला, साहेब म्हणतात, ज्याने लिहिलं त्यानेच हे चुकीचं आहे असं लिहून दिलं तर काम थांबवून वर विचारता येईल. दुसरा कुठला कागद या कागदाला अडवू शकत नाही.

मी सांगितलं, पाठवलेलं इतिवृत्त मागे घेता येत नाही, तशी तरतूद नाही. आणि चुकीचं म्हणाल तर त्यात एक शब्द खोटा नाही. भागीबाई म्हणाली, "शबूद खरा नि मानूस खोटा." ते निघून गेले. छायाने त्यांना चहा दिला होता, तिन्ही कप तसेच भरलेले होते.

संध्याकाळी छायाने ताट वाढून समोर आदळलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसली.

२९ डिसेंबर, मंगळवार

झोप नाही. त्या बुधाचं खाली घातलेलं डोकं नजरेसमोरून जात नाही. मी काय केलं? नमुन्यात जेवढी जागा होती तेवढं लिहिलं.

तरीही एक खुलासा करायला प्रत्यवाय नाही असं ठरवलं. मसुदा: 'सदर इतिवृत्ताचे अवलोकन करता, ग्रामस्थांच्या म्हणण्यात व नोंदीत काही अंशी तफावत आढळून येते.' छायाच्या पुढ्यात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझा मसुदा वाचला.

"आढळून कोणाला येते?" ती म्हणाली.

दुसरा: 'नजरचुकीने नोंद अपूर्ण राहून गेली आहे.'

"आपोआप राहिली का?"

तिसरा: 'नोंद घेतेवेळी गैरसमज झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.'

तिने कागद परत माझ्याकडे सरकवला. "अहो, यात माणूसच नाही. चौतीस वर्षांत एकदा तरी 'मी' लिहिलंत का हो?"

भयंकर राग आला. तिला काय कळतं कार्यालयीन मराठीतलं? खरं सांगतो, दुपारभर जुने मसुदे काढून बसलो, तिला दाखवायला. येते, जाते, कळविण्यात येते, संपादित करण्यात येते. धरणाच्या नोटिशीची प्रतही सापडली. त्यावर बुधाच्या बापाचं नाव आहे, खालून चौथं. 'हरकत फेटाळण्यात येते.' कोण फेटाळतंय ते लिहिलेलं नाही. अक्षर माझं आहे.

३१ डिसेंबर, गुरुवार

पेठला एकटाच गेलो. रेंजच्या साहेबांनी कागद दोनदा वाचला. 'मी, मुकुंद चांदवडकर, लिहितो की खैरपाड्याचे लोक शेतात खड्डे नकोत म्हणाले, आधी दाव्याचा निकाल द्या म्हणाले. ते मी लिहिले नाही. बुधा हजेरीला हरकत नाही म्हणाले, ते मी आराखड्याला लावले. मी खोटे लिहिले.'

साहेब म्हणाले, "काका, हे तुमच्यावरच शेकेल. दिल्लीपर्यंत जाईल. पुन्हा कुठे उभं करणार नाहीत तुम्हाला." म्हटलं, पोच द्या. त्यांनी उद्याचं काम थांबवलं, वरून उत्तर येईपर्यंत. उत्तर काय येईल ते सांगता येत नाही म्हणाले.

पोच घेऊन खैरपाड्याला गेलो. लोक शाळेसमोर जमले. मी उभं राहून माझा कागद वाचला. 'मी खोटे लिहिले' हेही वाचलं. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी शिवीही दिली नाही. बुधा मागच्या भिंतीशी उभा होता. वाचून झाल्यावर दोघंतिघं त्याच्याकडे वळून बघायला लागले, मग एकाने त्याला बसायला जागा केली. तो बसला आणि उपरण्यात तोंड घालून रडायला लागला. मला वाटलं आता माझं काम झालं. सुटल्यासारखं वाटलं, ते लपवत नाही.

तेवढ्यात भागीबाई पुढे आली. माझ्या हातातला कागद घेऊन तिने उलटा सुलटा करून पाहिला.

"ह्याच्यावर आमचे अंगठे कुठं हायेत?"

म्हटलं, यावर नाहीत, यावर फक्त माझी सही आहे.

"मंग आमचे अंगठे कुठं हायेत?"

"त्या पहिल्या कागदावर."

"नि त्यो?"

"दिल्लीला."

ती तशीच बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची घडी घालून माझ्या खिशात ठेवली.

"तुमी तुमची सही केली, तुमी मोकळे," ती म्हणाली. "आमचे त्रेसष्ट अंगठे तिकडं अजून हरकत नाय म्हनतायत. ते परत आना."